बसायला जागा मिळेल का?

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात ज्यांचं प्रेम जमलं, त्यांना एक गोष्ट फार लवकर कळते. खर्च खाण्यापिण्याचा नसतो, बसण्याचा असतो. घर वन रूम किचन, फार तर वन बीएचके. त्यात आजी, बारावीतला भाऊ आणि संध्याकाळी शिकवणीची मुलं. दोघांनी तासभर बोलायचं कुठे? मग माणूस कॅफेत शिरतो. तिथली अडीचशे रुपयांची कॉफी कुणी कॉफीसाठी घेत नाही. खुर्ची, एसी आणि शेजारच्या टेबलावर ओळखीचं कुणी नसणं, या तिन्हींचं ते भाडं असतं. एकदा हा हिशेब कळला की स्वस्तातल्या भेटीगाठींचं अर्धं काम होतं, कारण मग शोधायची असते ती जागा. कुपन शोधत बसावं लागत नाही.

मी डोंबिवली पूर्वेची, हा कल्याणचा, नोकऱ्या दोघांच्याही ठाण्यात. आधी घरच्यांपासून लपून, मग घरी सांगून, मग लग्नानंतर सासू-सासऱ्यांसोबत दोन खोल्यांत, आणि आता मुलीला सांभाळून, अशा सगळ्या अवस्थांत आम्ही बेताच्या पैशांत फिरलो आहोत. त्यातून हाताला लागलेल्या गोष्टी खाली लिहिते आहे. क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. खायची जागा वेगळी, बसायची वेगळी

हा एकच नियम पाळला तरी बिल निम्म्यावर येतं. आपल्याकडची उत्तम खाण्याची ठिकाणं बहुतेक उभ्याने खायची, नाहीतर खाऊन लगेच उठायची आहेत. तिथे गप्पांना वाव नाही आणि त्याचीच किंमत कमी आहे. ठाण्यात स्टेशनसमोर कुंजविहारचा वडापाव घ्यावा किंवा नौपाड्यात गजाननचा वडा त्या पिवळ्या बेसनाच्या चटणीबरोबर खावा, हात पुसावे आणि गप्पा मारायला दुसरीकडे जावं.

कल्याणच्या जुन्या गावातला खिडकी वडा तर या नियमाचा आदर्श नमुना आहे. तिथे दुकान असं नाहीच. घराची खिडकी आहे, आत कढई आहे आणि बाहेर रांग आहे. कागदात बांधलेले वडे खिडकीतून हातात येतात, तळलेल्या मिरच्या आणि लसणीच्या चटणीसकट. कागदाला तेल सुटायच्या आत ते कुठे नेऊन खायचे हे ठरलेलं हवं. आमचं ठरलेलं ठिकाण होतं दुर्गाडीच्या बाजूचा खाडीकिनारा. हा रांगेत उभा राहायचा आणि मी शेजारी उभी राहून दिवसभराचं सांगायचे. नंबर येईपर्यंत माझं ऑफिस सांगून संपलेलं असायचं. रांगेत उभ्या असलेल्या जोडप्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघत नाही, हा रांगेचा मोठा गुण. प्रत्येकाचं लक्ष वड्यांकडे असतं.

ठाण्याच्या मामलेदार मिसळीबद्दल मात्र एक सूचना. पहिल्या दुसऱ्या भेटीत तिथे गेलात तर तिखट मागवून शौर्य दाखवू नका. नाकातून पाणी यायला लागल्यावर कुणीही देखणं दिसत नाही. मध्यम मागवा.

२. आधी ठरवा, मग निघा

स्टेशनबाहेर उभं राहून ‘मग कुठे जायचं?’ ‘तू सांग.’ ‘नाही, तू सांग.’ हा संवाद सुरू झाला की पाकीट उघडलंच म्हणून समजा. पाच मिनिटांनी कुणीतरी कंटाळून म्हणतं, ‘चल, रिक्षा करू.’ मग मीटरची रिक्षा होते आणि ती मॉलच्या दारातच थांबते. म्हणून ठिकाण सकाळीच मेसेजवर ठरवावं, आणि गर्दी किंवा पाऊस असेल तर दुसरं कुठलं, हेही. शेअर रिक्षा कुठल्या रांगेतून मिळते ते माहीत असावं.

रविवारी भेटायचं असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघून ठेवावा. मध्य रेल्वेचा ब्लॉक ठाणे-कल्याण पट्ट्यात असला की आपण डोंबिवलीच्या फलाटावर आणि तो कल्याणच्या, असा रविवार जातो. अशा वेळी दोघांपैकी ज्याच्या गावात ब्लॉकचा त्रास कमी, त्याच्या गावात भेटावं.

३. पास आहे तोवर लोकल फुकट आहे

दोघांचे महिन्याचे पास ठाण्यापर्यंतचे असतील तर आपापल्या गावापासून ठाण्यापर्यंतचं प्रत्येक स्टेशन खिशात आहे. नसले तरी सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट पाच रुपये आहे आणि डोंबिवली-ठाणे दहा. १८५३ साली ठाण्याला आलेली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचलेली ही रेल्वे आजही इथल्या जोडप्यांची सगळ्यात मोठी आश्रयदाती आहे, असं माझं मत आहे.

मात्र संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये प्रेम करू नये. शक्यच नाही. तिथे मी लेडीज डब्यात, हा जनरलमध्ये, आणि उतरल्यावर इंडिकेटरखाली भेट. आमची खरी गाडी म्हणजे रविवारी दुपारची, कल्याणच्या पुढे जाणारी. कल्याणला डबा रिकामा होतो, समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या मिळतात, वारा येतो आणि शहाडनंतर उल्हास नदी लागते. टिटवाळ्याला उतरावं, महागणपतीचं दर्शन घ्यावं, तळ्याकाठी थोडं बसावं आणि परतावं. मंगळवार आणि अंगारकी टाळावी, तेव्हा रांगच संपत नाही. टिटवाळ्याचा आणखी एक फायदा असा की घरी खरं सांगता येतं. ‘कुठे होतीस?’ ‘टिटवाळ्याला, देवाला.’ शब्दही खोटा नाही.

४. तलावांचेही स्वभाव असतात

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, पण सगळे तलाव सगळ्या कामाचे नाहीत. तलावपाळी, म्हणजे मासुंदा, सगळ्यांचा. एका बाजूला कौपिनेश्वराचं देऊळ, दुसरीकडे गडकरी रंगायतन, मधे बोटी आणि चहूकडे माणसं. रविवारी संध्याकाळी तिथे बसायला कठडा मिळणं म्हणजे सकाळच्या सात चौपन्नला खिडकी मिळणं. पण आठवड्याच्या मधल्या वाराला, ऑफिस सुटल्यावर, स्टेशनपासून जांभळी नाक्यावरून चालत गेलं की जागा असते. चणे-दाणेवाला दहा-वीस रुपयांत शंकूच्या आकाराची पुडी देतो. ती पुडी हळूहळू खायची. एकेक दाणा. पुडी हातात असेपर्यंत आपण ‘खात बसलेले’ असतो, रिकामे बसलेले नसतो, आणि आपल्याकडे रिकामं बसलेल्या जोडप्याइतकं कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

पाचपाखाडीतला कचराळी तलाव चालणाऱ्यांचा. तिथे बसू नये, फेऱ्या माराव्यात. नजरेला नजर न देता बोलायचं अवघड काही असेल, म्हणजे कर्ज, बदली, घरचा विरोध, तर चालत बोलणं सोपं जातं. लग्न कधी आणि कसं करायचं हे आम्ही कचराळीच्या फेऱ्यांत ठरवलं. उपवन लांब आहे, पण समोर येऊरचे डोंगर आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्यावर उतरलेले ढग बघायला तिकीट नाही. येऊर स्वतः मात्र सकाळचं ठिकाण. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे बिबटे आहेत. अंधार पडल्यावर निवांतपणा शोधत तिथे जाणाऱ्यांचं मला कधीच कौतुक वाटलेलं नाही.

कल्याणला काळा तलाव आहे. नाव आता भगवा तलाव, पण रिक्षावाल्याला काळा तलावच सांगावं लागतं. डोंबिवलीला तलावाचं सुख नाही. आम्ही डोंबिवलीकर पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदरावर खाडी बघायला जातो. चिखलाचा वास येतो, डास असतात, पण सूर्य खाडीवर मावळतो आणि वरून पूल जातो. दोघांत एक ओडोमॉस न्यावं.

५. लपणं महाग पडतं

हे मला आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. आम्ही जोवर लपून भेटत होतो तोवर आमचा खर्च दुप्पट होता. कॅफेचा आतला कोपरा, उगाच लांबचं स्टेशन, दोघांच्या वेगवेगळ्या रिक्षा. सगळा पैसा अंधाराला आणि अंतराला जात होता.

डोंबिवलीत लपायचं म्हणजे तसंही कठीण. इथे प्रत्येकजण कुणाचा तरी वर्गमित्र, भाडेकरू किंवा भिशीतला असतो. एकदा आम्ही पश्चिमेला भागशाळा मैदानाजवळ भेळ खात होतो. मुद्दाम पश्चिम निवडलेली, कारण आमचे सगळे ओळखीचे पूर्वेला. मागून आवाज आला, ‘अगं, तू इकडे कशी?’ आमच्याच बिल्डिंगमधल्या काकू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग याच्याकडे, मग भेळेच्या एकाच प्लेटकडे आणि तिच्यातल्या दोन चमच्यांकडे.

‘हे कोण?’

‘ऑफिसमधले.’

‘बरं बरं. ऑफिस ठाण्याला ना तुझं?’ एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मी घरी पोचायच्या आत आईला कळलं होतं.

भांडण झालं, अबोला झाला, ते सगळं झालंच. पण महिन्याभरात हा आमच्याकडे चहाला आला, आणि तिथून पुढे आमचा खर्च धाडकन खाली आला. आता मैदानाच्या पायऱ्यांवर उजेडात बसता येत होतं, घरचे पोहे डब्यात नेता येत होते. लांब जायचं कारणच उरलं नाही. ज्यांच्या घरी सांगण्यासारखी परिस्थिती नाही, त्यांना मी हे शहाणपण शिकवणार नाही. जातीधर्माचा प्रश्न असेल तर लपणं ही हौस नसते. त्यांच्यासाठी जुना उपाय आहे, गावांची अदलाबदल करावी. डोंबिवलीकरांनी ठाण्याला जावं, ठाणेकरांनी कल्याणला, कल्याणकरांनी डोंबिवलीला.

६. वर्षातून एकदा फडके रोड

दिवाळीच्या पहिल्या पहाटे, नरक चतुर्दशीला, डोंबिवलीच्या फडके रोडवर जे जमतं त्याला कुणी निमंत्रण देत नाही. अभ्यंगस्नान, फराळ आणि नवे कपडे उरकले की सगळं तरुण डोंबिवली तिथे येतं. टोकाला गणपतीचं देऊळ, संस्थान १९२४ सालचं. त्याचं दर्शन हे अधिकृत कारण. खरं कारण रस्त्यावर असतं, पैठणीत आणि कुर्त्यात. या रस्त्याने कितीजणांची लग्नं जमवली असतील याची नोंद कुठे नाही. ठाण्यात हाच प्रकार राममारुती रोडवर आणि तलावपाळीला चालतो. ठाणेकर आपलाच मोठा म्हणतात, म्हणू देत.

आम्ही लपून भेटत होतो त्या काळात वर्षातली ही एकच सकाळ अशी होती की हजारो लोकांसमोर आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो तरी कुणी काही विचारत नव्हतं. तिथे सगळेच कुणाच्या ना कुणाच्या शेजारी उभे असतात. कपडे घरच्यांनी घेतलेले, फराळ पोटात, त्यामुळे खर्च झाला तर एका कॉफीचा, तीही दोघांत. दुसरी अशी सकाळ गुढीपाडव्याची. नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली याच गणेश मंदिर संस्थानाने डोंबिवलीत सुरू केली आणि मग ती महाराष्ट्रभर गेली. लेझीम, ढोल, नऊवारीतल्या दुचाकीस्वार मुली. संस्कृती वगैरे आहेच, पण आम्ही तिच्यात चालत चालत पूर्ण सकाळ एकत्र काढली, हे माझ्या दृष्टीने तिचं मोठं कार्य.

७. नाटक शेवटच्या रांगेतून बघावं, व्याख्यान पहिल्या

नाटकाचं पुढचं तिकीट महाग, बाल्कनीचं परवडणारं. गडकरी रंगायतन १९७८ पासून उभं आहे. कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे आणि डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर. तीन तास थंडाव्यात शेजारी बसायला मिळतं आणि घरी जाताना बोलायला विषय मिळतो. सिनेमापेक्षा नाटक बरं, कारण मध्यंतरात पॉपकॉर्नऐवजी वडा असतो आणि त्याची किंमत माणसात असते.

फुकटात हवं असेल तर ठाण्यात बुधवारी आचार्य अत्रे कट्टा असतो, जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला असते. व्याख्यानाला प्रेयसीला नेणं विचित्र वाटेल. पण परतीच्या वाटेवर वक्त्याशी आपण सहमत आहोत की नाही यावर दोघांचं जे बोलणं होतं, त्यातून समोरच्या माणसाबद्दल जेवढं कळतं तेवढं कँडललाइट डिनरमध्ये कळत नाही. हा एका व्याख्यानानंतर जांभळी नाक्यापर्यंत माझ्याशी तावातावाने भांडत आला आणि मला तो तेव्हा पहिल्यांदा खरोखर आवडला.

ग्रंथालयांचंही तेच. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. आत बोलता येत नाही, पण मी त्याच्यासाठी आणि त्याने माझ्यासाठी पुस्तक निवडायचं, असा खेळ आम्ही बरीच वर्षं खेळलो. त्याने मला सारखी शिकारकथांची पुस्तकं दिली. कारण अजून सांगत नाही.

८. स्वच्छतागृह बघून ठेवा

हे कुणी लिहीत नाही. फुकटच्या जागेचा खरा तोटा हाच. तलावावर, खाडीवर, मैदानात बाईमाणसाला किती वेळ बसता येईल हे प्रेमावर ठरत नाही. मी पाणी न पिता भेटायला जायचे. बऱ्याच मुली जातात आणि मुलांना त्याचा पत्ता नसतो. म्हणून मुलग्यांना सांगणं आहे की ठिकाण ठरवताना जवळ बरं स्वच्छतागृह आहे का, हे तुम्ही बघा. तिने विचारायच्या आधी. नाट्यगृह, मॉल, चांगलं उडप्याचं हॉटेल, यांचा उपयोग तेवढ्यापुरता करावा. एक इडली मागवावी लागली तरी तो पैसा वाया गेला असं म्हणू नये.

रात्रीची परतीची रिक्षाही अशीच. तिथे बचत नको. साडेनऊनंतर स्टेशनवरून घरापर्यंत मी चालत जात नसे, आणि ते पैसे आमच्या हिशेबात आधीच बाजूला काढलेले असत.

९. पाकीट एकच असावं

दर महिन्याला दोघांनी सारखी रक्कम एका छोट्या पाकिटात टाकायची, ते माझ्याकडे राहायचं आणि भेटीचा सगळा खर्च त्यातून. पाकीट रिकामं झालं की महिनाअखेरपर्यंत कचराळी. ‘मी देतो’, ‘नाही, मी देते’ ही ओढाताण बंद झाली, आणि त्याच्या पगारातून माझ्यासाठी किती गेले याचा मला भार उरला नाही. एसटीचं मात्र मीच काढायला हवं असं त्याचं म्हणणं असतं, कारण १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. कल्याण डेपोतून मुरबाडकडे जाणारी गाडी पकडली की कंडक्टर माझं अर्धं आणि त्याचं पूर्ण फाडतो. मला दरवेळी आनंद होतो. पावसाळ्यात कोंडेश्वर वगैरे धबधब्यांवर जाऊ नये, दरवर्षी बंदीचे आदेश निघतात ते उगाच नाही. एसटीच्या खिडकीतून दिसणारा पाऊस पुरेसा असतो.

१०. लग्नानंतर ‘भाजी आणायला’ जावं

दोन खोल्यांत सासू-सासरे, हॉलमध्ये टीव्ही, दाराला पडदा. लग्न झाल्यावर एकांत मिळतो असं सांगणाऱ्या लोकांची घरं मोठी असावीत. आमचं सगळं बोलणं त्या काळात भाजीच्या पिशवीवर चाललं. ‘आई, भाजी घेऊन येतो’ म्हणून निघायचं, लक्ष्मी मार्केटमध्ये मेथी, टोमॅटो, लिंबं घ्यायची, आणि येताना काळ्या तलावाला एक फेरी. रसवंतीवर एक ग्लास, दोन स्ट्रॉ. सासूबाई एकदा म्हणाल्या, ‘मेथीला एवढा वेळ?’ मी म्हटलं, ‘निवडून घेतली.’ त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच सांगितलं, संध्याकाळी कोथिंबीर आणा, घाई नाही. कोथिंबीर घरात होती, मी फ्रीज बघितला होता.

डीमार्टलाही हेच चालतं, पण तिथून कमी पैशांत बाहेर पडता येत नाही.

आता मुलगी शाळेत जाते आणि भाजीला तिलाही यायचं असतं. तिला गोळा लागतो, कालाखट्टा, आणि तो संपेपर्यंत ती एक शब्द बोलत नाही. तेवढ्यात आम्ही आमचं बोलून घेतो. गोळेवाल्याला आता माहीत झालंय. तो बर्फ जास्त घालतो.